अंबाजीमामा आणि जिमखान्याचं जाळं

अंबाजी रंगू पेरेकर यांना बोट लागते.

बोट पुष्कळांना लागते. मला आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीतसुद्धा लागते, आणि तेवढ्या वेळात नीट चहाही पिऊन होत नाही. पण मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. मी दर्यावर जावं अशी अपेक्षा कोणी कधी केलेली नाही. अंबाजीमामा कोळीवाड्यातले. त्यांचे वडील रंगू नाखवा स्वतःच्या होडीचे मालक, आजोबाही तेच. अशा घरातल्या मुलाला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा खोल पाण्यात नेलं, तर त्याने सकाळची भाकरी, आदल्या दिवशीचं कालवण आणि बारशाचं गूळखोबरं असं सगळं क्रमाने समुद्राला परत केलं. हा तपशील मला भागुबाईंनी, म्हणजे मामांच्या बायकोने सांगितला. तेव्हा त्या या घरात आल्याही नव्हत्या, पण या प्रसंगाच्या सर्वांत खात्रीलायक साक्षीदार त्याच आहेत.

पुढे दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली की नव्याने प्रयत्न होई. लिंबू झालं, आलं झालं, दंडात दोरा झाला. एकदा त्यांना डोलकाठीला पाठ लावून बसवलं आणि डोळे मिटून घ्यायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बाकीचं सगळं नेहमीप्रमाणे केलं. शेवटी रंगू नाखवांनी निकाल दिला, "ह्यो जमिनीवरचा हाय." कोळीवाड्यात ही शिवी नाही, पण लग्नाच्या बोलणीत मुद्दाम सांगावी अशी गोष्टही नाही.

जमिनीवर राहिलेल्या माणसाला काम एकच: जाळी विणायची आणि फाटलेली सांधायची. अंबाजीमामा दहा-बारा वर्षं किनाऱ्यावर बसून तेच करत राहिले. हात असा बसला की शेजारच्या गावातले लोकही जाळी खांद्यावर टाकून त्यांच्याकडे येत. जाळं मामांचं, मासा दुसऱ्याचा, असा तो कारभार होता.

१९९३ साली आमच्या विद्यापीठाने आगरदांड्याच्या रस्त्याला एक छोटं केंद्र उघडलं. विद्यापीठ मोठं, केंद्र लहान, आणि केंद्राचा जिमखाना त्याहून लहान. तो एका जुन्या मिठाच्या गोदामात थाटला गेला. भिंतींना इतकी वर्षं मीठ मुरलेलं होतं की दिवाळीनंतर त्या पांढऱ्या होत आणि मे महिन्यात घाम फुटल्यासारख्या ओल्या. असल्या जागी सरकारी नोकरीत रमेल असा शिपाई हवा होता. मामांनी अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, "खेळाची आवड आहे का?" मामा म्हणाले, "बगायला हरकत न्हाय." त्याच दिवशी त्यांना नेमलं.

यंदा मूल्यांकन समिती येणार म्हणून केंद्रप्रमुखांनी जिमखान्याचा इतिहास लिहून काढायचं ठरवलं. ज्या बैठकीत ते ठरलं त्या बैठकीला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दोन दिवसांतच मला कळलं की या जिमखान्याचा इतिहास म्हणजे अंबाजीमामा जिथे जिथे बसले त्या जागांची यादी आहे.

वजनं आली ती गंजायला लागली. मिठाची भिंत आणि खारा वारा, दुसरं काय होणार? मामांनी होडीच्या लाकडाला लावतात ते माशाचं तेल आणून सगळ्या डंबेल्सना चोपडलं. गंज थांबला. पण व्यायामाला येणारी मुलंही थांबली आणि मांजरं यायला लागली. मल्लखांब आणला, त्याला वाळवी लागली. बुद्धिबळाचा संघ केला, त्यात उंट हरवला म्हणून मामांनी सुपारी ठेवली, आणि आमची मुलं बाहेरच्या स्पर्धेत खऱ्या उंटाला ओळखेनात. भातशेतीच्या गावांतली मुलं कबड्डी चांगली खेळत. कोळीवाड्यातल्या मुलांचा रस्सीखेचीचा संघ तर सात वर्षं अजिंक्य होता. लहानपणापासून पाण्यातनं जाळी ओढणारी मुलं ती. समोर आठ माणसं आहेत की आठ मण कोळंबी, त्यांना फरक पडत नसे. मग विद्यापीठाने स्पर्धांच्या यादीतून रस्सीखेचच काढून टाकली. आमचा एकमेव सुवर्णकाळ असा कागदावर संपला.

उरला मुलींचा व्हॉलीबॉल. त्यासाठीच ही हकीकत लिहितो आहे.

व्हॉलीबॉलचं मैदान गोदामाच्या मागे. त्याच्याही मागे उतार, आणि उतार संपतो तिथे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन. आमचे पहिले क्रीडाशिक्षक गणराज सर होते. सज्जन माणूस. त्यांनी विकत आणलेलं नेट पहिल्याच पावसाळ्यात कुजलं. नव्या नेटची मागणी केली, तिला उत्तर येईना. तेव्हा मामा म्हणाले, "सर, जाळंच ना? माप सांगा."

सरांनी माप सांगितलं: साडेनऊ मीटर लांब, एक मीटर रुंद. मामांनी नऊ दिवसांत जाळं विणलं. काळा नायलॉनचा धागा, गाठ अशी की दात लावला तरी सुटू नये. सगळे नेट म्हणत, मामा जाळं म्हणत. खांबांना बांधलं तेव्हा सरांनी पाठ थोपटली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आणि एक दिवस रंगू नाखवा बघायला आले. मुलगा काय नोकरी करतो हे बघायला ते चार वर्षांत फिरकले नव्हते. मैदानाच्या कडेने चालत ते जाळ्यापाशी आले, पंजा आत घातला, ओढून बघितलं, सोडून बघितलं. जाळं पोटाला फुगलं आणि सावकाश खाली आलं. नाखवांनी मान हलवली. "झोळ बराबर हाय," म्हणाले, आणि आले तसे गेले.

जन्मभरात बापाने केलेलं हे एवढंच कौतुक. दोन वर्षांनी नाखवा वारले. मामांनी ते वाक्य मला निदान चाळीस वेळा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा बापासारखा काढून.

ते जाळं मामांनी जिवापाड सांभाळलं. फाटलं की सांधत. त्यातला मूळचा धागा आता किती उरला असेल कोणास ठाऊक, पण मामांच्या हिशेबी जाळं तेच. २०२०च्या चक्रीवादळात जिमखान्याचे पत्रे उडाले. त्यातला एक पत्रा आम्हाला अजून सापडलेला नाही. कपाटातले चषक खाजणात गेले, माझ्या इतिहासाची अर्धी साधनं भिजून लगदा झाली. मामांनी मात्र आदल्या दिवशीच जाळं उतरवून घरी नेलं होतं. मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, निदान रजिस्टरं तरी न्यायची." मामा म्हणाले, "तुमी ती परत लिवू शकता, सर." तेच मी आता करतो आहे.

उरलेल्या रजिस्टरांत मुलींच्या व्हॉलीबॉलचे निकाल आहेत. १९९६ पासून जवळजवळ प्रत्येक वर्षी नोंद एकच: पहिली फेरी, विजयी, दुसरी फेरी, पराभूत. पहिल्या फेरीत बहुतेक वेळा समोरचा संघ आलेलाच नसे, त्यामुळे त्या विजयांबद्दल मला फार लिहिता आलं नाही. पराभवाच्या रकान्यात मात्र गणराज सरांनी कारणं दिली आहेत. "प्रवास लांबचा." "परीक्षा जवळ." "प्रतिस्पर्धी मुली उंच." एका वर्षी नुसतंच "वारा." ती स्पर्धा बंदिस्त सभागृहात झाली होती.

या इतक्या वर्षांत विभागीय स्पर्धा आमच्याकडे कधीच झाली नाही. दरवर्षी केंद्रप्रमुख म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. दरवर्षी मामा जाळ्याची एकेक गाठ तपासून ठेवत. म्हणजे त्यांचं जाळं सरावात रोज लागलं, पण पंचांनी शिट्टी फुंकलेला एकही सामना त्याच्यावर झाला नाही. यंदा अखेर स्पर्धा आमच्याकडे आली: नऊ डिसेंबर. आणि मामांची निवृत्ती एकतीस डिसेंबरला.

"एक सामना," मामा मला म्हणाले. "एक खरा सामना माज्या जाळ्यावर हूं दे. मंग मी जातो."

यात अडचण काय येणार, असं मला वाटलं. अडचण जूनमध्येच रुजू झाली होती. तिचं नाव मृणाल मॅडम.

मृणाल मॅडम पालीच्या. स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या, आता आमच्या क्रीडा संचालक. कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यापुढे वाद घालायला जागा ठेवत नाहीत. त्यांनी काही आठवडे सराव नुसता बघितला. मग एकदा माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या.

"सर, आपल्या मुली बॉल नेटला लागला की थांबतात."

"मग? मेला ना तो बॉल."

"मरत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आपल्याच बाजूला परत येतो. तीन टप्पे संपले नसतील तर उचलता येतो. जगभर उचलतात."

"मग आपल्या का उचलत नाहीत?"

"कारण आपल्या नेटवरून तो परत येतच नाही. तुम्ही कधी बघितलंय नीट? बॉल आत जातो, नेट त्याला कुशीत घेतं आणि खाली ठेवतं. अलगद. बाळाला ठेवावं तसं."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. खाजणावरून वारा येत होता आणि जाळं शिडासारखं फुगलं होतं. इतकी वर्षं ते तसंच फुगताना मी बघत आलो होतो, आणि छान दिसतं असंच मला वाटत आलं होतं.

मासेमारीचं जाळं ताणून बांधत नाहीत. ताणलं की मासा आपटतो आणि माघारी जातो. सैल ठेवलं की आत शिरतो आणि राहतो. हा झोळ किती ठेवायचा यातच कसब. मामांनी गणराज सरांनी सांगितलेलं लांबी-रुंदीचं माप चोख पाळलं होतं, आणि झोळ बापाने शिकवला तसा ठेवला होता. जाळ्याचं काम पकडायचं, ही गोष्ट त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. या जाळ्याचं काम न पकडण्याचं आहे, हे सांगायची गरज होती, आणि ते सांगायचं एकतीस वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या मुली त्या जाळ्यावर शिकत, बाहेर जात, तिथे बॉल नेटवरून उसळून पायाशी येई, आणि आमच्या सहा मुली त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशा बघत उभ्या राहत. रजिस्टरातला तो सगळा "वारा" म्हणजे हा होता.

"मामांना तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "तुमचं ऐकतील."

मी तीन वेळा सांगायला गेलो. पहिल्यांदा चहा घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा त्यांनी मला बापाचं ते वाक्य ऐकवलं, एकेचाळिसाव्या वेळी. तिसऱ्यांदा मी धीर करून म्हटलं, "मामा, तुमचं जाळं जरा..." ते म्हणाले, "जरा काय?" मी म्हटलं, "जरा जास्तच चांगलं आहे."

मग नोव्हेंबर संपता संपता विद्यापीठाकडून स्पर्धेसाठी खोकं आलं. आत कारखान्यात बनलेलं नवं नेट. मॅडमनी दुपारी ते बांधायला लावलं. मामांनीच बांधलं. शिपायाचं काम म्हणून बांधलं. मॅडमनी वरची दोरी इतकी ताणायला लावली की खांब कुरकुरले.

सराव सुरू झाला. संघाची कर्णधार दिवेआगरची तेजस्वी. उंचीने बेताची, आवाजाने नाही. तिच्या पहिल्याच पासला बॉल नेटमध्ये गेला आणि उसळून तिच्या छातीवर आदळला.

"मॅडम," तेजस्वी म्हणाली, "हा परत येतोय."

"येणारच. नेट आहे ते."

"आपला नाही येत."

सगळ्यांनी एकाच वेळी खांबापाशी उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं आणि मग एकाच वेळी दुसरीकडे बघितलं.

मामा पुढे आले. "दे बाय," म्हणून त्यांनी तेजस्वीच्या हातातला बॉल घेतला. नेटवर मारला. परत आला. पुन्हा मारला, जरा खाली. पुन्हा परत आला. पाच-सहा वेळा त्यांनी तेच केलं. मग बॉल खाली ठेवला आणि माझ्याकडे आले. मी गोदामाच्या पायरीवर बसून इतिहास लिहीत असल्याचं दाखवत होतो.

"सर, तुमाला ठाऊक व्हतं?"

"हो."

"कदीपासनं?"

"गणपतीपासून."

मामा पायरीवर बसले. "म्हंजे दर साली पोरी हरून येत व्हत्या ती माज्यामुळं."

"मामा, गणराज सरांनी वाऱ्यामुळे लिहिलंय."

"गणराज सर भला मानूस," मामा म्हणाले. मग म्हणाले, "मासा एक न्हाय घावला जन्मात. घावल्या त्या पोरी."

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. एकतीस वर्षांतली त्यांची किरकोळ रजा फक्त लग्नं आणि मयतं यांपुरती होती, म्हणून मी कोळीवाड्यात गेलो. ओट्यावर भागुबाई सुके बोंबील निवडत होत्या. मामा आत भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"या मास्तर," भागुबाई म्हणाल्या. "आजारी हायेत. जमिनीवर बोट लागलीय."

आतून आवाज आला, "गप बस."

"मी का गप बसू? तुमच्या बापानं मला सांगितलं व्हतं, ह्याला कंदी काय घावायचं न्हाय, म्हनून जाळं विणायला ठेवलाय. मंग घावलं त्यात रडायचं काय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? बा म्हनाला व्हता, झोळ बराबर हाय."

"बराबरच व्हता," भागुबाई म्हणाल्या. "म्हावऱ्यासाठी. त्यांना चेंडूतलं काय कळत व्हतं? बैल म्हनून घोडा बगितला नि शिंगं न्हायत म्हनून परत नेला, त्यातलं ते. तुमी तरी इचारायचं, बाबा, ह्यात काय धरायचं हाय?"

मग मामा बाहेर आले. "सर, ती नवी जाळी कशी इणलीय बगितली? घरं उभी-आडवी चौकोनी हायेत. आपली तिरपी असतात, ओढली की मिटतात."

"मला जाळ्यातलं काही कळत नाही, मामा."

"ती तिरपी इणून ताणली तर घरंच मिटून जातात. चौकोनी इणायला कोपऱ्यातनं सुरू करायला पायजे. एक घर, मंग दोन, मंग तीन, अशी वाढवत जायची. बाने कदी केलेलं न्हाय तसं. आमच्यात कोनीच केलेलं न्हाय."

"मग?"

"किती दिस हायेत सामन्याला?"

"अकरा."

मामांनी पायात चपला घातल्या. भागुबाईंनी बोंबलांतून मान वर न करता म्हटलं, "धागा माळ्यावर हाय. काळा डाव्या अंगाला."

आता मॅडमना विचारणं आलं. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले, टोपी हातात. "म्याडम, मी नवं इणतो. तुमचं खोकं बाजूला ठेवा. पंचांनी माजं न्हाय म्हटलं तर तुमचं लावा. मी सोता बांधून देईन."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. "घर दहा सेंटिमीटरचं हवं. एकही लहान-मोठं नको. झोळ अजिबात नको."

"अजाबात न्हाय."

"आणि मुलींचा सराव रोज नव्या नेटवरच होईल. तुमच्यासाठी थांबणार नाही."

"व्हय," मामा म्हणाले. "त्यांना लवकर शिकवा. एकतीस वर्सांचं इसरायचं हाय."

पुढचे दिवस मामा गोदामात बसून विणत होते. जाळ्याचा कोपरा त्यांनी डबलबारच्या दांडीला अडकवला होता. रुंदीला दहा घरं, लांबीला पंच्याण्णव, एकूण साडेनऊशे. पहिली पन्नास घरं त्यांनी तीनदा उसवली. हात आपोआप तिरका जाई, कारण हाताला चाळीस वर्षं तेवढंच ठाऊक होतं. बाहेर मुली बॉल नेटवर मारायच्या आणि खाली वाकून उचलायला शिकायच्या. आत मामा गाठ मारून पट्टीने घर मोजायचे. सराव संपला की मुली येऊन त्यांच्या सुईत धागा भरून द्यायच्या, आणि तेजस्वी विचारायची, "मामा, किती झाली?"

"चारशे बारा."

"मी आज नेटवरचे सव्वीस उचलले."

"सुटले किती?"

"ते मोजत नाही."

"मोज," मामा म्हणाले. "माज्यासारकं नको करूस."

आठ तारखेला दुपारी साडेनऊशेवं घर झालं. भागुबाईंनी वरची पांढरी पट्टी हाताने शिवून दिली होती. मामांनी जाळं खांबांना बांधलं, दोऱ्या ताणल्या, आणि मग मुद्दाम माझ्याकडे बघून आणखी ताणल्या.

नऊ तारखेला सकाळी मुख्य पंच आले. बारीक मिशीचे, टेप खिशात घेऊन फिरणारे. नेट बघून थबकले.

"हे कुठल्या कंपनीचं?"

"पेरेकर," मृणाल मॅडम म्हणाल्या.

"ऐकलं नाही कधी."

"एकतीस वर्षं जुनी आहे."

पंचांनी टेप काढली. उंची मध्यावर मोजली, दोन्ही कडांना मोजली. रुंदी मोजली. घरं मोजली, एक इथलं, एक तिथलं, एक अगदी कोपऱ्यातलं. मामा खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी असा एकदाच बघितला होता, एका सहलीत, दिघीच्या फेरीबोटीवर. पंचांनी वरच्या दोरीला बोटाने टिचकी मारली. दोरी तारेसारखी वाजली. मग त्यांनी बॉल मागवला आणि नेटमध्ये फेकला. तो उसळून त्यांच्याच हातात आला.

"दुसरं नेट आहे ना राखीव? असू द्या," ते म्हणाले. "यावर खेळू."

मामा खांब सोडून गोदामात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. भागुबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बोट लागली असंल."

पहिल्या फेरीत यंदा समोरचा संघ आला, आणि आम्ही जिंकलो. दुसरी फेरी खोपोलीकडच्या मुलींशी. पहिला सेट त्यांचा, दुसरा आमचा. तिसरा पंधरा गुणांचा, तेरा-तेरा झाले. त्यांची सर्व्हिस आली, आमच्या मुलीच्या हातावरून बॉल भलतीकडे गेला आणि नेटच्या मधोमध शिरला. मागच्या रांगेत बसलेले आमचे केंद्रप्रमुख सवयीने "गेला" म्हणाले. पण तेजस्वी आधीच गुडघ्यावर होती. बॉल नेटवरून परत आला, तिने तो जमिनीपासून वीतभरावर उचलला, आणि दुसरीने पलीकडे असा मारला की तिकडच्या मुलींना हात वर करायलाही वेळ मिळाला नाही. चौदा-तेरा. पुढचा बॉल त्यांनी रेषेबाहेर घालवला.

रजिस्टरात मी लिहिलं: दुसरी फेरी, विजयी. लिहून मी ते वाक्य मामांना दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "शाई वाळू दे," म्हणाले.

उपांत्य फेरीत आम्ही सपाटून हरलो. पंचवीस-अकरा, पंचवीस-चौदा. समोरच्या मुली खरोखरच उंच होत्या.

एकतीस डिसेंबरला निरोपसमारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, केंद्रप्रमुखांचं भाषण झालं. त्यात त्यांनी मामांना दोनदा अंबादास म्हटलं. मग माझं भाषण, जे लांबलं. ते संपेपर्यंत मामा खुर्चीवर नव्हते.

ते मैदानाच्या मागे होते, खाजणाच्या उतारावर. सोबत तेजस्वी आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या भागुबाई. मामांनी दोन बांबू रोवले होते आणि त्यांच्यामध्ये जुनं जाळं बांधत होते, खालची कड जमिनीला टेकवून, सैल. एकतीस वर्षं प्रत्येक सुटलेला बॉल या उतारावरून घरंगळत खाजणात जायचा, आणि मामा विजार वर करून चिखलात उतरायचे. बोट लागते, पण चिखल त्यांना लागत नाही.

मामा दोन पावलं मागे सरले. पुढे गेले, जाळ्यात पंजा घातला, ओढलं, सोडलं. पोट फुगून सावकाश खाली आलं.

"सोड बाय," ते म्हणाले.

तेजस्वीने वरून बॉल सोडला. तो उड्या मारत उतारावरून आला, जाळ्यात शिरला, एकदा गिरकी घेतली आणि तिथेच राहिला.

भागुबाईंनी पाटी खाली ठेवली. वाकून जाळ्यात बघितलं.

"घावलं म्हना एकदाचं काय तरी," त्या म्हणाल्या.

मामांनी बॉल बाहेर काढला, खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि वर तेजस्वीकडे फेकला. "आनि एक सोड," म्हणाले. "जरा डावीकडनं."